चूलबंद बोलावणं

माझी बायको जाऊन आता वर्ष होईल. लोक अजून भेटायला येतात. येतात, बसतात, चहा पितात आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. मागच्या आठवड्यात एक जण आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, "तुमच्या पोरीला त्या हेडमास्तरनं घडवलं. नाहीतर मुकीच राहिली असती." मी म्हणालो, चहा झाला असेल तर ऊठ. तो उठला. पोरगी सुट्टीला धुळ्याहून आलेली होती, तिथं ती नर्सिंग शिकते. ती मला म्हणाली, "आबा, भेटायला आलेल्या माणसाशी असं बोलतात का?" ती बरोबर बोलते. आता ती इतकं बोलते की मला गप्प करते.

पण त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलो. मी चौथी शिकलो, तीही धड नाही. शिवाय मला बसवत नाही. चार ओळी झाल्या की उठतो, दारापर्यंत जातो, रस्ता पाहतो, परत येतो. त्यामुळं हे तुटक होईल. होऊ द्या.

आम्ही मूळचे धुळ्याकडच्या नरडाण्याचे. गावात शेत नव्हतं, सालदारी मला जमली नाही. तोंड फटकळ, मालकाशी पटत नसे. जामनेरला जिनिंगमध्ये काम आहे असं कळलं तेव्हा बिऱ्हाड उचलून तिकडं गेलो. रेच्यावर कापूस टाकायचं काम. रेचा म्हणजे सरकी वेगळी करणारं मशीन. त्याचा आवाज असा की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नाही. आम्ही कामगार तिथं हातवारे करूनच बोलायचो. पाणी, बिडी, मुकादम आला, सगळं हातानं. घरी आलो तरी कानात तो आवाज चालूच राहायचा.

लेकरं आम्हाला उशिरा झाली. आधी ही पोरगी, मग बऱ्याच वर्षांनी पोरगा. पोरगी घरात बोलायची, आणि काय बोलायची. शेळीशी बोले, चुलीशी बोले, आईच्या पाठीला चिकटून दिवसभराचं सगळं सांगे. पण उंबरठ्याबाहेर पाय पडला की तोंड बंद. गल्लीतल्या बाईनं हाक मारली तरी नुसती पाहायची. शाळेत घातली तेव्हा वाटलं, होईल ठीक. पहिलीचं वर्ष गेलं, दुसरीचं अर्धं गेलं. शाळेत तिनं एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. पाटीवर सगळं लिहायची, गणितं चुकायची नाहीत. हजेरीला पोरं "हजर" म्हणत, ही हात वर करे. पोरं तिला मुकी म्हणत. माझ्यासमोर म्हटलं असतं तर मी पाहिलं असतं, पण माझ्यासमोर कोण म्हणतो.

संक्रांतीनंतर हेडमास्तरनं मला बोलावलं. मी कामावरून तसाच गेलो, अंगाला कापसाचा भुगा. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"भाऊ, तुमची मुलगी ऐकते का?"

"ऐकते. मी बिडी पेटवली तर दुसऱ्या खोलीतून ओरडते."

"मग बोलत का नाही?"

"घरी बोलते."

"घरी बोलून मी मार्क कसे देऊ? मागच्या वर्षी मी तोंडी परीक्षेकडे डोळेझाक केली. यंदा नाही करणार. ती नापास होईल, परत दुसरीत बसेल, परत पोरं चिडवतील. जळगावला मुक्या मुलांची शाळा आहे. राहायची सोय आहे. मी सांगून ठेवतो. परीक्षेत बोलली तर ठीक, नाही बोलली तर जूनमध्ये तिकडं घाला. तिच्या भल्याचं सांगतो."

मी उठलो. बाहेर आलो आणि जिनिंगकडं जायच्या ऐवजी उलट्या दिशेनं चालत बाजार समितीपर्यंत गेलो. सात-आठ वर्षांची पोर. जळगावला राहायची. तिथं ती शेळीशिवाय, आईशिवाय, कोणाशी बोलणार? घरातलं बोलणंही जाईल. म्हणजे मुकी नसलेली पोर मुकी करून ठेवायची. आणि नाही पाठवली तर इथं दरवर्षी दुसरी. माझं डोकं चालेना.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "तुम्ही जाईसन पाहीसन तं या, कशी शे ती शाळा."

रविवारी एसटीनं गेलो. शाळा स्वच्छ होती. पोरं अंगणात खेळत होती आणि हातानं बोलत होती. काय बोलत होती ते मला थोडं थोडं कळत होतं, कारण आमचंही जिनिंगमध्ये तसंच चालायचं. एक पोरगा दुसऱ्याला काहीतरी सांगून इतका हसवत होता की तो खाली बसला. तिथल्या बाईंनी विचारलं, मुलगी ऐकते का? मी म्हणालो, ऐकते. त्या म्हणाल्या, "मग इथं तिला करमणार नाही हो. पण तुमच्या गुरुजींनी सांगितलंय, जागा धरून ठेवते. जूनपर्यंत काय ते सांगा." परत येताना गाडीत मला एकच गोष्ट खात होती. त्या पोरांना आवाज नव्हता, तरी ती माझ्या पोरीपेक्षा जास्त बोलत होती.

मी घरी येऊन हे सांगितलं. बायको शाळेत एक दिवसही गेलेली नव्हती. सही म्हणून अंगठा द्यायची. पण जामनेरला आल्यावर महिनाभरात तिनं गल्ली आपली केली होती. बोली आमची वेगळी, त्यांची वेगळी. ती आपली बोली तशीच बोलायची आणि सगळ्यांना कळायची. माझं उलट. मी शुद्ध बोलायचो आणि माणसं तोडायचो.

ती म्हणाली, "आते माले काम करू द्या. तुम्ही मझार बोलू नका." मझार म्हणजे मधे.

पहिल्यांदा तिनं विरजणाचा घाट घातला. रोज संध्याकाळी पोरीच्या हातात वाटी द्यायची आणि समोरच्या अक्काकडं पाठवायची. ही अक्का म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी, विधवा, जिभेला हाड नाही, पण मनानं लोण्याची. बायकोनं अक्काला आधी बजावून ठेवलं होतं, पोरीनं तोंडानं मागितल्याशिवाय दही घालायचं नाही. पहिल्या दिवशी पोरगी वाटी पुढं करून उभी राहिली. अक्का बसून राहिली. पोरगी उभीच. दिवा लावायची वेळ झाली. अक्काला ते सहन होईना. तिनं वाटीत दही घातलं आणि स्वतः आमच्या दारात येऊन भांडली.

"तुझ्या घरी दही लावायचंय का पोरीचा जीव घ्यायचाय? पाय भरून आले लेकराचे."

"अक्का, तू दही घातलं तं ती बोलई कशी?"

"नको बोलू दे. मी बोलते ना दोघींचं."

"तू तं बठ्ठा गावनं बोलस."

"मग काय झालं? कोणी तरी बोलायला पाहिजे."

दोघी हसायला लागल्या. मला हसू येत नव्हतं. मी म्हणालो, हे असं होणार नाही, परीक्षा तोंडावर आली. बायको दोन-तीन दिवस गप्प होती आणि ती गप्प असली की काहीतरी शिजत असे. मग एके सकाळी मला डबा देताना तिनं सांगितलं. ते मी आजपर्यंत कोणाकडून ऐकलेलं नाही, शिकलेल्या माणसाकडूनही नाही.

ती म्हणाली, "मांगाले गई म्हणजे पोरनी मान खाले जास. बोलावाले गई म्हणजे समोरना मानूस उठीसन उभा ऱ्हास. आपन तिले मांगाले धाडी ऱ्हायनूत, ते चुकस. तिले देवाले धाडूत."

मी विचारलं, काय द्यायला?

"जेवननं बोलावणं."

पोराचं जावळ आम्ही गावी देवीपुढं काढून आलो होतो. गल्लीला जेवण घालायचं राहिलं होतं. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, एवढंच. आमच्याकडं बोलावणं तोंडानं द्यायची रीत. घरोघर जाऊन सांगायचं. त्यातही दोन प्रकार. एक म्हणजे घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद. चूलबंद सांगितलं म्हणजे त्या घरात त्या वेळी चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. चूलबंद बोलावणं फार जवळच्या घराला देतात. आमच्या ऐपतीला दोन घरं चूलबंद होती, अक्काचं आणि माझ्याबरोबर रेच्यावर असलेल्या जोडीदाराचं. बाकी गल्ली घरटी एक. आणि हेडमास्तर एकटा. त्याला बोलवायचं बायकोनंच ठरवलं. मी म्हणालो, तो कशाला? ती म्हणाली, त्याच्याचसाठी तर सगळं.

मग आठवडाभर घरात तालीम. बायको दाराबाहेर एकेक शेजारीण होऊन उभी राहायची. कोणाचं नाकात बोलणं, कोणाचं कमरेवर हात ठेवणं, हुबेहूब करायची. पोरगी हसून हसून लोळायची आणि मग उठून सांगायची, "आमच्याकडं भावाच्या जावळाचं जेवण आहे. परवा संध्याकाळी. घरटी एक माणूस या." शुद्ध बोलायची. ते मी शिकवलं होतं. मग मला हेडमास्तर केलं. मी टॉवेल गळ्यात घालून खाटेवर बसलो.

पोरगी आली. मी म्हणालो, "काय पाहिजे?"

बायको चिडली. "तो असं बोलस का? 'ये बाळ' म्हनस तो."

"मला 'ये बाळ' म्हणता येत नाही."

"मंग परीक्षा तुमनीच घेवाले पाहिजे."

पोरगी म्हणाली, "आबा, तू राहू दे. माय हेडमास्तर होईल." मला काढून टाकलं.

बोलावण्याच्या दिवशी मी कामावरून लवकर सुटलो होतो. बायकोनं पोरीचे केस विंचरले, स्वच्छ फ्रॉक घातला. म्हणाली, "चल, जाय." बरोबर गेली नाही. मलाही जाऊ दिलं नाही. मी घरात थांबूच शकत नव्हतो. टपरीवर गेलो, चहा सांगितला, तसाच सोडला. पिंपळापर्यंत गेलो, तिथून गल्ली दिसत नव्हती, परत आलो. बायको तूर निवडत बसली होती, मान खाली. मी म्हणालो, जाऊन पाहतो. ती म्हणाली, "बठा."

पोरगी आली तेव्हा घामानं चिंब झाली होती. तिनं माठातून पाणी घेतलं, प्यायली, परत घेतलं.

"सांगं का?" आईनं विचारलं.

तिनं मान हलवली.

"बठ्ठासले?" म्हणजे सगळ्यांना का.

परत मान.

"हेडमास्तरले बी?"

"हो. त्याची बायको बी होती. ती म्हणे, गोड आवाज शे."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी तूर निवडायला लागलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. मग बायकोनं सहज विचारलं, "कशी म्हनी तू?"

"चूलबंद या."

"अक्काले ना?"

"बठ्ठासले."

बायकोनं तूर बाजूला सारली. पोरगी समजली की काहीतरी झालं. तिचं तोंड कावरंबावरं झालं. तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं आणि हळूहळू काढून घेतलं. अक्काकडं चूलबंद सांगितलं ते ठीकच होतं. दुसऱ्या घरी ती घरटी एक म्हणणारच होती, पण दारात त्या घरची तिच्याएवढी दोन पोरं उभी होती. त्यांनी विचारलं, "आम्ही बी?" ती आईला म्हणाली, "मंग मी काय सांगू? तू नको येऊ, असं सांगू?" म्हणून चूलबंद. एकदा तोंडातून निघालं, मग ते प्रत्येक दारी निघत गेलं. हेडमास्तरलाही.

मी उभा राहिलो. चपला घातल्या. म्हणालो, मी घरोघर जाऊन सांगून येतो की लेकराची चूक झाली, घरटी एकच. त्यात लाजण्यासारखं काय आहे? सगळ्यांना कळतं.

बायको दारात आडवी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तिना पहिला सबद शे तो. तुम्ही तो आज फिरवशात तं ती परत तोंड उघडनार नही. मंग जाय जळगावले."

मी चपला काढल्या. ती बरोबर होती, पण बरोबर असून पीठ वाढत नाही. घरात गहू-मका मिळून दळलेलं होतं ते मोजक्या माणसांचं. गल्ली म्हणजे केवढी, एकेका घरात सासू, सासरे, दीर, पोरं. मी रात्र तळमळत काढली. दुसऱ्या दिवशी रेच्यावर माझं लक्ष नव्हतं, मुकादमानं दोनदा हातानं खूण करून शिवी दिली.

जेवणाच्या दिवशी दुपारी घरी आलो तर अंगणात बायका. अक्का सगळ्यांच्या पुढं, कणकेच्या परातीशी बसलेली. अक्काला मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला माहीत आहे ना, ते चुकून झालं."

"आम्हाला काय कळत नाही का रे? जिनिंगच्या हमालाच्या घरी गल्लीला चूलबंद?"

"मी हमाल नाही."

"बरं, रेच्यावाल्याच्या घरी. सगळ्यांना कळलं. पण पोरीनं दारात उभं राहून सांगितलं ना? तिच्या तोंडून निघालं ना? मग गल्लीत आज कोणाची चूल पेटत असेल तर मला दाखव, मी पाणी ओतते तिच्यावर. आणि तू इथं उभा राहू नको, गोवऱ्या आण."

प्रत्येक घरातून काहीतरी आलं होतं. कोणी पिठाची थाळी आणली, कोणी वांगी, कोणी गोवऱ्या. कोणी आणलं ते मी पाहिलं नाही, बायकोनं पाहिलं असेल. एक बाई पुटपुटत होती की असं फुकटचं चूलबंद तिनं जन्मात पाहिलं नाही, घरूनच आणायचं आणि इथं खायचं. अक्का तिला म्हणाली, "मग तू घरी जाऊन उपाशी बस. बोलावणं तुला आहे, बळजबरी नाही." ती बाई बसून बट्ट्या वळत राहिली, तोंड वाकडं करून.

मी गोवऱ्या पेटवल्या, बट्ट्या भाजल्या. जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक पंगतीला वाटायचं, आता संपतं. वरणात पाणी घातलं, परत घातलं. शेवटी ते वरण म्हणायचं म्हणून वरण. पण कोणी उठून गेलं नाही.

हेडमास्तर बायको-पोरांसह आला. चूलबंद आहे म्हणून आला. मी त्याला पंगतीत बसवलं, वाढायला मीच होतो. तो म्हणाला, "भाऊ, मी घरात होतो. बाहेरून आवाज आला, 'गुरुजी आहेत का?' मला आवाज ओळखू येईना. ओळखणार कसा, कधी ऐकलाच नव्हता. बाहेर आलो तर तुमची मुलगी."

मला राहवलं नाही. पंगतीत, सगळ्यांसमोर, हातात वांग्याचं भांडं, मी विचारलं, "मग जळगावचं काय?"

तो बट्टी कुस्करत होता. म्हणाला, "परीक्षा अजून व्हायची आहे."

मला राग आला. माझ्या घरी जेवतो आणि हे म्हणतो. भांडं तिथंच आपटणार होतो. पलीकडून बायको आली, माझ्या हातातून भांडं घेतलं आणि त्याच्या पानात अजून भाजी वाढली. "खा, गुरुजी. पोट भरीसन खा."

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. बायको म्हणाली होती, तुम्ही कामाला जा, पण मी गेलो नाही. शाळेच्या आवारात निंबाखाली उभा राहिलो. तिथून दुसरीच्या वर्गाचं दार दिसायचं. आत टेबलाशी वर्गाच्या बाई आणि हेडमास्तर. पोरं एकेक जात होती, कविता म्हणत होती, बाहेर येत होती. आमच्या पोरीचं नाव आलं. ती गेली. टेबलासमोर उभी राहिली.

काही नाही. बाईंनी दोनदा विचारलं. काही नाही. तिची पाठ माझ्याकडं होती, पण ती पाठ मला ओळखीची होती. वाटी घेऊन उभी होती तीच पाठ. बाईंनी तिला बाहेर जायला सांगितलं.

म्हणजे संपलं, असं मला वाटलं. वरण-बट्टी, चूलबंद, सगळं गल्लीपुरतं. गल्लीत बोलून शाळेत काय. मी तिच्याकडं निघालो, तेवढ्यात बायको माझ्या पुढून गेली. ती कधी आली होती मला माहीत नाही. पोराला कडेवर घेऊन ती थेट वर्गात शिरली.

हेडमास्तर म्हणाला, "बाई, परीक्षा चालू आहे."

बायको त्याच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती, मला दारातून ऐकू येत होतं. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तिले विचारू नका. तिले विचारलं म्हणजे ती मागणारी होते. तिले काम द्या. बोलवायचं काम द्या. तिनं बोलावलं म्हणून तर तुम्ही जेवाले आले."

"ही परीक्षा आहे, जेवण नाही."

"मले काय माहीत, परीक्षा काय ते. मी कधी दिली नाही."

हेडमास्तर चष्मा पुसत बसला. बोलल्या त्या वर्गाच्या बाई. तरुण होत्या, नव्या लागलेल्या. त्या दाराशी आल्या आणि पोरीला म्हणाल्या, "जा गं, पुढच्या मुलाला बोलावून आण."

पोरगी आईकडं पाहत राहिली. मग निंबाखाली बसलेल्या पोरांकडं गेली आणि एकाचं नाव घेऊन म्हणाली, "चल, तुला बोलावलंय." तो पोरगा जागचा हलला नाही, इतका आश्चर्यानं पाहत होता. ती परत म्हणाली, मोठ्यानं, "चल ना." मग तो पळाला. पुढचा. त्याच्या पुढचा. शेवटपर्यंत तिनंच बोलावलं. पोरं तिच्याकडं बघून आपापसात काहीतरी म्हणत होती, पण तिला काम होतं, तिला ऐकायला सवड नव्हती.

सगळे झाले. तेव्हा बाईंनी तिला चौथीच्या वर्गाकडं पाठवलं. निरोप असा की आमच्या वर्गात एक कविता राहिली आहे, ऐकायला या. पोरगी व्हरांड्यातून जिन्यानं वर गेली आणि चौथीच्या बाईंना घेऊन आली. त्या बाई जाड होत्या, जिना उतरून धापा टाकत आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोण म्हणतंय कविता? मला बोलावलंय ना?"

वर्गाच्या बाईंनी पोरीकडं पाहिलं. हेडमास्तरनंही. पोरगी त्या पाहुण्या बाईकडं पाहत होती. तिनं बोलावलेलं माणूस दारात येऊन उभं होतं. बोलावलेल्या माणसाला रिकामं परत पाठवायचं नसतं, वरणात पाणी घालून का होईना वाढायचं असतं, हे तिनं घरी नुकतंच पाहिलं होतं. टेबलाकडं ती गेलीच नाही. जिथं होती तिथंच, उंबरठ्यावर, त्या बाईंकडं तोंड करून तिनं कविता म्हटली. एका दमात, कुठं थांबली नाही. मधली एक ओळ गाळली. संपल्यावर चौथीच्या बाई म्हणाल्या, "छान," आणि परत निघाल्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

हेडमास्तरनं पासापुरते मार्क दिले, जास्त नाही. ओळ गाळली होती. बरोबर केलं त्यानं. बाहेर येऊन मला म्हणाला, "भाऊ, जळगावला मी कळवतो, ती जागा दुसऱ्या मुलाला द्या म्हणून." मी मान हलवली. बोलायला गेलो असतो तर काहीतरी वाकडंच निघालं असतं.

मी निंबाखाली एकटाच उभा राहिलो. बायको पोरीचा हात धरून पुढं निघाली होती, मी मागून गेलो. वाटलं, आता ही खूश असेल, आता निदान उन्हाळाभर घरात शांतता. गाठलं तर ती पोरीला विचारत होती, मधल्या सुट्टीत तू कोणाजवळ बसतेस? पोरगी म्हणाली, कोणाजवळच नाही, भिंतीजवळ.

बायको माझ्याकडं वळली. "आयकं का? जूनमा शाळा उघडशी तवय तिले एक तरी मैतरीन पाहिजे. ते कसं करानं?"

मी म्हणालो, आजचा दिवस तरी राहू दे.

तिनं राहू दिलं नाही. घरी पोचेपर्यंत तिचं ठरत आलं होतं, भिंतीजवळच बसणारी दुसरी कोणती पोर आहे ते आधी शोधायचं, आणि त्या घराची वाट विचारायची. आमचं लग्न झाल्यापासून असंच. एक काळजी मिटली की ती दुसरी माझ्या हातात देई आणि मी चिडचिड करत तिच्यामागं फिरे. आता पोरगी मार्गाला लागली, पोरगा लागतोय. कोणी मला काही करायला सांगत नाही. मी आपला दारापर्यंत जातो आणि परत येतो.